धूर कुणाच्या घरचा

इरा आणि निहार,

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्या नोकरीच्या आठवणी मागितल्या आहेत, पण लिहिताना समोर तुम्ही दोघं आहात. इराला कॅनडाच्या उत्तरेकडे, जिथे रस्ते पोचत नाहीत अशा वस्त्यांवर माणसं आणि सामान नेणारं छोटं विमान चालवायची नोकरी लागली. लगेच निहारचा मला फोन. "आजी, तू जन्मभर पडलेली विमानंच तपासलीस. ती का पडतात ते हिला एकदा सांग ना." त्यामागचा हेतू मला कळला. आजीने घाबरवलं तर ही ऐकेल, असा त्याचा हिशेब. निहार, ते काम मी करणार नाही. का पडतात तेवढं मात्र सांगते. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून तुमची आई हे वाचून दाखवेल. मध्येच स्वतःच्या पदरचं काही घालू नकोस, असं तिला मी बजावलं आहे.

माझं माहेर सांगलीचं. वडिलांचा हळदीचा व्यापार होता. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, पुढे इंजिनिअर होऊ दिलं, आणि आमच्या जैन समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. पहिली नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. यंत्राचा एखादा भाग तुटला की तो माझ्या टेबलावर यायचा. तुटलेल्या दांड्याचं तोंड भिंगाखाली पाहिलं की तो एका झटक्यात तुटला की महिनोन्महिने थोडा थोडा चिरत गेला, हे ओळखता येतं. कामगार म्हणायचे, बाई लोखंडाचं पोस्टमॉर्टेम करतात. मला ते काम आवडायचं, कारण मोडलेली वस्तू उगाच आरडाओरडा करत नाही.

मग तुमच्या आजोबांना पापुआ न्यू गिनीतल्या एका तंत्रशाळेत शिकवायची नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो. तिथे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या कचेरीला मोडकी यंत्रं वाचणारं माणूस हवं होतं. मी अर्ज केला. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

तो देश नकाशावर शोधा. मधोमध उंच डोंगरांची रांग आणि तिच्यावर असं दाट जंगल की वरून पाहिलं तर हिरवं घोंगडं अंथरल्यासारखं दिसतं. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला रस्ता नाही. आपल्याकडे जसा एसटीचा थांबा, तशी तिथे गवताची धावपट्टी. विमानातून डुकरं जातात, तांदूळ जातो, बाळंतीण जाते, निवडणुकीच्या पेट्या जातात. असं रोजचं चालतं म्हणून अपघातही होतात. त्यात थरारक म्हणावं असं फारसं काही नसतं.

सगळ्यात जास्त विमानं ढगांनी पाडली. तिथे सकाळ स्वच्छ असते आणि दुपारच्या आत ढग खोऱ्यात भरतात. पावसाळ्यात महाबळेश्वरचा घाट चढताना समोरचं वळण दिसेनासं होतं, ते तुम्ही अनुभवलं आहे. तेव्हा आपला ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन चहा पितो. विमानाला बाजूला थांबता येत नाही. वैमानिकाला वाटतं, हेच आपलं खोरं. खोरी एकमेकींसारखी दिसतात. चुकीचं खोरं पुढे अरुंद होत जातं आणि मग वळायला जागा उरत नाही.

दुसरं कारण वजन. एकदा कॉफीची पोती नेणारं विमान धावपट्टीच्या टोकाला वर उठलंच नाही. इंजिन ठणठणीत होतं आणि कागदावरचं वजनही बरोबर. मी पोत्यात हात घातला आणि वडिलांची आठवण झाली. हळद ओली असली की पोतं भारी भरतं, हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. विमान येईना म्हणून ती पोती वजन केल्यावर पावसात पडून राहिली होती. वजन कोरड्या कॉफीचं केलं होतं आणि उडवायला निघाले होते ओली कॉफी.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका वस्तीत, काही वर्षांपूर्वी पडलेल्या विमानाचं उंची दाखवणारं घड्याळ एका म्हाताऱ्याने झोपडीच्या खांबाला ठोकलं होतं. मी ते मागितलं तर म्हणाला, देणार नाही, यावर पाऊस कळतो. काटा वर चढला की पाऊस येतो. आता, ते यंत्र उंची मोजतं ते हवेच्या दाबावरून. तिकडे रोज दुपारी दाब थोडा उतरतो, म्हणून काटा थोडा चढतो. आणि पाऊसही रोज दुपारीच येतो. दोघांचा एकमेकांशी फार संबंध नसला तरी म्हाताऱ्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. घड्याळ मी त्याच्याकडेच राहू दिलं. परतताना मनात मात्र एक विचार राहिला. रोज खरी ठरणारी खूण माणूस कधी तपासून पाहत नाही.

आता संग्रामची गोष्ट.

संग्राम फलटणजवळच्या एका गावचा. घरचा ऊस, वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना तात्या म्हणे. विमान चालवायला शिकलेल्या तरुणांना आधी अनुभवाचे तास जमवावे लागतात आणि ते अशा आडबाजूच्या देशांत लवकर जमतात. म्हणून तो तिथे एका लहान कंपनीत आला होता. आम्हा मराठी माणसांची तिथे मोजकी घरं. दिवाळीला तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या पोळ्या किती पातळ आहेत हे तोंडावर सांगायचा. "मॅडम, आमच्या आईच्या एका पोळीत तुमच्या चार बसतील." तुमच्या आजोबांना तो फार आवडायचा.

एके दिवशी उतरताना त्याचं विमान धावपट्टीच्या वरच्या टोकाच्या दरडीवर आदळलं. एक म्हातारा प्रवासी दगावला. संग्रामचा पाय मोडला. बाकीचे बचावले.

मी आधी आमच्या साहेबांकडे गेले आणि सांगितलं, या मुलाला मी ओळखते, तो माझ्या घरी जेवला आहे. साहेब म्हणाले, मग त्याचा जबाब तुम्ही घ्यायचा नाही आणि चौकशी संपेपर्यंत त्याला भेटायचंही नाही. जागेवर जाऊन पाहणी करा. नियम बरोबर होता. मी तो पाळला.

ती धावपट्टी डोंगराच्या अंगावर होती. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा चढ आठवा, आणि तसल्या उतारावर विमान उतरतं असं समजा. वर डोंगराची भिंत, खाली दरी. विमान नेहमी चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं, वारा कुठूनही असो. एक ठरावीक जागा ओलांडली की परत फिरता येत नाही. म्हणून त्याआधीच वारा जोखावा लागतो. दरीतून वर येणारा वारा पाठीवर असेल तर विमान लांब तरंगत जातं, टेकायला उशीर होतो आणि पुढे भिंत असते.

वारा दाखवायला धावपट्टीच्या कडेला कापडाची लांबट पिशवी खांबावर लावतात. तिथल्या पिशवीच्या केव्हाच चिंध्या झाल्या होत्या. नवी यायची होती. तोवर सगळे वैमानिक वस्तीतल्या चुलींचा धूर बघायचे. तिथली घरं गवताने शाकारलेली, धूर छपरातून झिरपत वर येतो. धूर सरळ तर वारा नाही. धूर आडवा तर माघारी फिरा. ही पद्धत कुठे लिहिलेली नव्हती, पण तिने कधी कुणाला दगा दिला नव्हता.

संग्रामने जबाबात सांगितलं, मी नेहमीसारखा धूर पाहिला, तो सरळ वर जात होता, म्हणून उतरलो. पण विमानातल्या यंत्राने उतरतानाचा वेग टिपून ठेवला होता. तो नेहमीपेक्षा बराच जास्त होता आणि त्यावरून स्पष्ट होतं की पाठीमागून जोराचा वारा होता. त्याहून वाईट म्हणजे वस्तीतली माणसं एकमुखाने म्हणत होती, त्या दिवशी धूर नव्हताच. गावप्रमुखाची आई वारली होती आणि सुतकात ते लोक चुली पेटवत नाहीत. विमानातले प्रवासी तिच्या मातीलाच, अंत्यविधीला, येत होते. दगावला तो म्हातारा तिचा थोरला भाऊ.

म्हणजे जो धूर नव्हता तो संग्रामने पाहिला होता. कंपनीने लगेच पवित्रा घेतला की पोराने काही पाहिलंच नाही आणि आता बनवून सांगतो आहे. तिकडे पुन्हा विमान चालवता येणार की नाही, हा प्रश्न होताच. पण तो खोटारडा ठरला असता तर जगात कुठेच त्याला कुणी विमानाजवळ उभं केलं नसतं.

तात्यांनी माझा नंबर कुठून तरी मिळवला आणि फोन केला. मी म्हटलं, मला यावर बोलता येणार नाही. ते म्हणाले, "बोलू नगा, मॅडम. निस्तं ऐका. चूक झाली आसंल तर भोगंल त्यो. मानूस गेलंय, त्याला सोडा म्हनत न्हाई मी. पर त्यो खोटं बोलतोय म्हनत्यात, त्ये न्हाई सोसत. येवढंच बगा." मी ऐकलं आणि फोन ठेवला. फोन आल्याची नोंद साहेबांना दिली.

मी आणि माझा तिथला सहकारी तोमास हेलिकॉप्टरने वस्तीवर गेलो. तोमासला खोऱ्यातली भाषा येत होती. सुतकात सुतक आलं होतं, माणसं अंगाला माती फासून बाहेर बसली होती. रडणं संपून गेलेलं. आम्ही दरड मोजली, गवतावरचे चाकांचे ओरखडे मोजले, पंख्याची वाकलेली पाती पाहिली. पाती ज्या प्रकारे वाकतात त्यावरून इंजिन चालू होतं का ते कळतं. चालू होतं. विमानात काहीही बिघाड नव्हता. तोमासने पुन्हा एकदा सगळ्यांना विचारलं. उत्तर तेच. चूल नव्हती, धूर नव्हता.

तेवढ्यात एका बाईने आमच्या हातात भाजलेली रताळी ठेवली. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, हे तिकडेही आहे. मी रताळं सोलायला घेतलं आणि बोटं पोळली.

मी ते हातात धरून बसले. मला आठवलं, माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नव्हती आणि आम्ही उपाशीही राहिलो नव्हतो. समोरच्या पाटलांकडून भाकरी आणि पिठलं आलं होतं. सुतकातलं घर स्वतः रांधत नाही, त्याला कुणीतरी रांधून घालतं. मी तोमासला म्हटलं, यांना चुलीबद्दल विचारू नकोस. हे गरम रताळं कुणाच्या घरचं, ते विचार.

बाईने ओढ्याकडे हात केला. खाली वळणावर व्याह्यांची दोन-तीन घरं होती. ती माणसं दुसऱ्या कुळाची, त्यांना सुतक नव्हतं. पहिल्या दिवसापासून साऱ्या वस्तीचं जेवण तिथे होत होतं. आम्ही त्यांना धुराबद्दल विचारलंच नव्हतं, कारण कचेरीच्या नकाशावर ती घरं वस्तीत धरलेलीच नव्हती. वस्तीतल्यांनीही सांगितलं नाही, कारण प्रश्न त्यांच्या चुलींचा होता.

आम्ही खाली उतरलो. वर धावपट्टीवर वारा इतका होता की मी ओढणी कमरेला खोचली होती. ओढ्याच्या खळग्यात पोचलो आणि ओढणी खाली लोंबू लागली. मध्ये डोंगराचा एक दांडा आडवा होता. मोठ्या चुलाण्यावर रताळी भाजत होती आणि धूर दोरीसारखा सरळ वर चालला होता.

मग हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला सांगून आम्ही संग्राम आला होता त्याच वाटेने आलो. त्या बाजूने तो दांडा दिसतच नाही, जंगलात मिसळून जातो. ओढ्याकाठचा धूर वस्तीतूनच आल्यासारखा दिसतो. मी फोटो काढले. तोमास म्हणाला, मीही उतरलो असतो.

अहवालात आम्ही सगळं लिहिलं. आमच्या अहवालात दोष कुणाचा हे लिहायचं नसतं, कारणं लिहायची असतात. खांबावर पिशवी नव्हती. वैमानिक धुरावर विसंबून होते. प्रवासी मातीसाठी गोळा होता होता उशीर झाला आणि तोवर दरीचा वारा सुटला होता. आणि एक वाक्य असं, की वैमानिकाने धुराबद्दल दिलेली माहिती प्रत्यक्ष पाहणीशी जुळते.

अहवाल प्रसिद्ध झाल्यावर मी सुट्टीत इकडे आले, तेव्हा फलटणला जाऊन संग्रामच्या घरच्यांना भेटले. आता भेटायला हरकत नव्हती. संग्राम पायात सळई घालून ओसरीवर बसला होता. हसला, पण पोळ्यांचा विषय काढला नाही. तात्यांनी अहवाल वाचून दाखवायला सांगितला. इंग्रजी वाचत मी मराठीत सांगत गेले. ते कवायतीला उभे असल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. ते वाक्य आलं तेव्हा म्हणाले, "ह्येवढं परत एकदा वाचा." मी वाचलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, ऐकलंस का? जुळतंय म्हनत्यात."

संग्रामची आई बाहेर आली ती एका हातात भाकऱ्यांचं फडकं आणि दुसऱ्या हातात पिठल्याचं पातेलं घेऊन. मला म्हणाली, "आक्का, उठू नगा हं. शेजारी म्हातारी गेली काल. त्यांच्यात चूल न्हाई पेटल्याली. घास दिऊन आलेच, मग आपून जेवू."

ती गेली. संग्राम तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग खाली बघून बोलला.

"मॅडम, ती माणसं मागं बसून रडत हुती. मौतीला चाललीत हे मला ठाऊक हुतं. आन आमच्यात बी चूल पेटत न्हाई, लहानपणापास्नं बघतोय. मग त्या गावात धूर दिसल्यावर मला कसं न्हाई वाटलं, की ह्यो धूर कुणाचा?"

मी म्हटलं की हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, हात पोळेपर्यंत. ते खरं होतं, पण त्याने मान हलवली नाही. मागे रडणारी माणसं घेऊन मी उतरत नव्हते.

तात्यांनी विचारलं, "त्ये रिपोर्टात हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला कुणी विचारलं नाही."

तात्यांनी माझ्या हातातल्या अहवालावर बोट ठेवलं. इतके महिने त्या एका वाक्यासाठी हा माणूस थांबला होता. ते वाक्य मिळाल्यापासून तो अजून दोन घोट पाणीही प्यायला नव्हता.

"मग घाला त्यात," ते म्हणाले.

मी संग्रामकडे पाहिलं. "घाला, मॅडम," तो म्हणाला. "मागनं येणाऱ्याला उपयोगी पडंल."

तेवढ्यात त्याची आई रिकामं पातेलं घेऊन परत आली. मी कशी आणि कुठल्या चुलीमुळे तो धूर शोधला, हे तिला सांगितलं. पदराने हात पुसत ती म्हणाली, "तिथं बी आसंच आसतंय व्हय? बरं हाय की." आणि पानं वाढायला घेतली.

अहवाल प्रसिद्ध झाला तरी नवी माहिती आली तर पुरवणी जोडता येते. परत गेल्यावर मी ती जोडली. साहेबांनी विचारलं, या मुलाला स्वतःचं नुकसान करून घ्यायची हौस आहे का? मी म्हटलं, नाही, त्यांच्या घरची तशी पद्धत आहे. नुकसान व्हायचं तेवढं झालंच. त्या कंपनीने त्याला परत घेतलं नाही. पाय सुधारल्यावर दुसरीकडे त्याला काम मिळालं. मुलाखतीला जाताना तो अहवाल पुरवणीसकट घेऊन गेला होता. आता तो नव्या मुलांना शिकवतो. पहिल्या दिवशी यंत्रांबद्दल काही सांगत नाही, असं ऐकते. सांगतो, विमानात कोण बसलंय आणि कशाला चाललंय, ते आधी विचारा.

तर निहार, विमानं अशी पडतात. क्वचित एखादी मोठी वस्तू तुटते. बहुतेक वेळा, रोज खरी ठरणारी एखादी खूण त्या दिवशी दुसऱ्याच्या घरची असते.

आणि इरा, तू जा. तुझ्याकडे यंत्रं आमच्यापेक्षा चांगली असतील, खांबावर पिशवीही असेल. तरी निघण्याआधी तुझ्या प्रवाशांना विचारत जा, काय निमित्ताने चाललात. लग्न, बाळंतपण, मयत, काही असो. त्यांचं उत्तर ऐक, आणि उतरायच्या आधी खिडकीतून पुन्हा एकदा खाली बघ.